टॅक्सच्या तारखांचं टेबल: प्रकल्प नोंदी, जून ते डिसेंबर २०२५

९ जून २०२५, सोमवार

टॅक्सच्या तारखांचं टेबल बनवायचं काम काय आहे ते आधी लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी विचारलं तर दाखवता येईल. कुपवाड एमआयडीसीतलं युनिट, भागीदारी फर्म, अण्णा आणि तात्या दोघे भाऊ पार्टनर. मुख्य धंदा मशिनिंगच्या जॉबवर्कचा, म्हणजे पार्टीच्या मटेरियलवर काम करून द्यायचं, थोडे पार्ट स्वतःचं मटेरियल घेऊन. उलाढाल पाच कोटींच्या वर आहे म्हणजे जीएसटीला क्वार्टरलीची सोय नाही, सगळं मंथली, ई-इन्व्हॉइस पण लागू. कामगार वीसच्या वर, त्यामुळे पीएफ, ईएसआयसी दोन्ही आहे.

अण्णांचं म्हणणं, सीए मॅडम आहेत की, तारखा त्यांना पाठ असतात, मग हे टेबल कशाला. बरोबर आहे, तारखा पाठच असतात. सातला टीडीएस, अकराला आर-वन (जीएसटीचं विक्रीचं रिटर्न), पंधराला पीएफ-ईएसआयसी, वीसला थ्रीबी (जीएसटी भरायचं महिन्याचं रिटर्न), हे आपल्याकडे शिपाई पण सांगेल. पण मागच्या दोन वर्षांची चलनं काढून बसले आणि जिथं जिथं व्याज किंवा लेट फी भरलीय तिथं कारण शोधलं, तर तारीख विसरली म्हणून एकदाही नाही. कुठं टूल सप्लायरचं बिल आलं नव्हतं, कुठं चाकणच्या पार्टीचं पेमेंट आलं नव्हतं, आणि बऱ्याचदा ओटीपी अण्णांच्या मोबाईलवर आणि अण्णा मळ्यात, तिथं रेंज नाही.

म्हणून टेबलमध्ये कायद्याची तारीख हा एकच कॉलम नाही ठेवायचा. चार कॉलम: कायद्याची तारीख, पैसा कधी हवा, कागद कधी हवा, ओटीपी कुणाचा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनानं केलेले गोल राहू देत, त्यांनी कुणाचं वाकडं होत नाही.

१३ जून, शुक्रवार

ॲडव्हान्स टॅक्सचा, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच भरायच्या इन्कम टॅक्सचा, पहिला हप्ता. १५ जूनला रविवार आहे. बँकेला सुट्टी असेल तर दुसऱ्या दिवशी भरलेलं चालतं असं सीबीडीटीचं (इन्कम टॅक्सचं केंद्रीय बोर्ड) १९९४ चं सर्क्युलर आहे, मॅडमनी नंबरपण सांगितला, ६७६. पण ते सर्क्युलर दाखवत बसण्यापेक्षा आजच भरलं.

हप्त्यांचं गणित टेबलच्या वर लावून ठेवलं: १५ जूनपर्यंत वर्षाच्या टॅक्सच्या १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत १००. फर्मला स्लॅब नाही, सरळ ३० टक्के आणि वर ४ टक्के सेस. नफ्याचा अंदाज २० लाख धरला तर टॅक्स ६ लाख २४ हजार, त्याच्या १५ टक्के म्हणजे ९३,६००. तात्या म्हणाले अंदाज कसला, पाऊस कसा पडतो बघू मग सांगतो. ॲडव्हान्स टॅक्स हा अंदाजावरच भरायचा असतो, आणि कायद्यानं पण थोडी ढील दिलीय, जूनमध्ये १२ टक्के आणि सप्टेंबरमध्ये ३६ टक्के भरलेलं असलं तर त्या हप्त्यांवर २३४सी चं (हप्ता कमी भरल्याचं) व्याज लागत नाही. त्यामुळे अंदाज थोडा चुकला म्हणून घाबरायचं कारण नाही, न भरण्याचंच कारण शोधत बसायचं नाही.

चलन काढताना दोन गोष्टी प्रत्येक वेळी बघायच्या म्हणून टेबलमध्ये लाल अक्षरात टाकल्या. असेसमेंट इयर २०२६-२७ निवडायचं, कारण आता जे चाललंय ते २०२५-२६ आर्थिक वर्ष आहे आणि असेसमेंट इयर त्याच्या पुढचं. आणि मायनर हेड (भरणा कुठल्या प्रकारचा त्याचा कोड) १००, म्हणजे ॲडव्हान्स. ३०० निवडलं तर ते सेल्फ असेसमेंटमध्ये (वर्ष संपल्यावर हिशोब करून भरायचा राहिलेला टॅक्स) जातं आणि मग करेक्शनची रिक्वेस्ट टाकत बसा.

२८ जून, शनिवार

प्रोफेशन टॅक्स. दोन्ही पार्टनरचा पीटीईसी (स्वतःचा प्रोफेशन टॅक्स) २५०० प्रत्येकी, ३० जूनच्या आत, भरला. कामगारांचा पीटीआरसी (पगारातून कापून भरायचा): मागच्या वर्षीची एकूण रक्कम एक लाखाच्या आत असल्यामुळे वर्षातून एकच रिटर्न, ३१ मार्चला. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० हे पगारपत्रकातून कापलं जातंय का तेवढं तपासलं. माल तपासायच्या इन्स्पेक्शन विभागात दोघी बायका आहेत, पगार २५ हजारांच्या आत, त्यांचा कापायचा नाही, तरी एकीचा कापला जात होता तो थांबवला.

लेबर वेल्फेअर फंड १५ जुलैला आहे, जूनच्या पगारातून माणशी २५, आपले ७५. रक्कम एवढीशी की कुणाच्या लक्षातच राहत नाही, म्हणून टेबलमध्ये घेतला.

७ जुलै, सोमवार

काल आषाढी होती, ऑफिस बंद, आणि आज टीडीएसचा शेवटचा दिवस. ठेकेदाराचा, शेडच्या भाड्याचा वगैरे शनिवारीच भरून घेतलेला. एक दिवस उशीर झाला तर काय होतं हे तात्यांना कागदावर दाखवलं. २० जूनला कापलेला टीडीएस ८ जुलैला भरला तर व्याज एका दिवसाचं नाही, जून एक महिना आणि जुलै एक महिना असं दोन महिन्यांचं, दीड-दीड मिळून तीन टक्के. तात्या बराच वेळ कागदाकडं बघत होते.

आता मोठा विषय, इन्कम टॅक्सचं कलम १९४-टी. यंदा १ एप्रिलपासून लागू झालाय. फर्मनं पार्टनरला पगार, बोनस, कमिशन, भांडवलावरचं व्याज असं काहीही दिलं आणि वर्षात ते २० हजारांच्या वर गेलं तर १० टक्के टीडीएस कापायचा. आजपर्यंत कधी प्रश्नच आला नव्हता. वर्षभर दोघं लागेल तशी उचल करायचे, मार्चमध्ये मॅडम बुक प्रॉफिट (खात्यावरचा नफा) काढून कलम ४०बी च्या (पार्टनरच्या पगाराची मर्यादा) हिशोबानं पगार किती बसतो ते सांगायच्या आणि ३१ मार्चला एक एंट्री पडायची. बहुतेक भागीदारी फर्ममध्ये हेच चालतं.

अडचण अशी की टीडीएस क्रेडिट किंवा पेमेंट यातलं जे आधी होईल तेव्हा कापायचा, आणि भांडवल खात्याला जमा केलं तरी ते क्रेडिटच. मग एप्रिलपासून अण्णांनी जी उचल केली ती पगार की भांडवल? अण्णा म्हणतात घरचाच पैसा आहे, त्याला नाव कसलं द्यायचं. नाव द्यावं लागणार. मॅडमशी फोनवर बोलून असं ठरलं: दोघांच्या भांडवल खात्यात पुरेशी जमा शिल्लक आहे, आणि भागीदारीच्या डीडप्रमाणे पगार वर्षाअखेरीला ठरतो, म्हणून एप्रिल ते जूनची उचल ही भांडवलातूनच, पगाराचं व्हाउचर नाही. जुलैपासून मात्र दोघांनाही महिन्याच्या शेवटच्या दिवशी ६० हजारांचं पगाराचं व्हाउचर पाडायचं, ६ हजार टीडीएस, ५४ हजार बँकेतून, आणि त्याशिवाय काही उचललं तर ते वेगळ्या हेडला. डीडमध्ये पण मासिक पगाराचं कलम टाकून घ्यायचं, पुरवणी डीडचा मसुदा मॅडम पाठवतील. उरलेला पगार आणि व्याज मार्चला जमा होईल तेव्हा त्याचा टीडीएस, आणि मार्चच्या टीडीएसची तारीख ३० एप्रिल.

तात्यांनी लगेच विचारलं म्हणजे आमचा टॅक्स वाढला का. वाढला नाही, आधी जातोय एवढंच. दोघांच्या स्वतःच्या ॲडव्हान्स टॅक्समधून तेवढा वजा होणार. हे पटलं असं वाटत नाही पण व्हाउचरवर सही करायला तयार झाले.

१४ जुलै, सोमवार

पीएफ, ईएसआयसी उद्या आहे, आज भरले. हा कॉलम मी गडद केलाय, कारण इथं व्याज हा मुद्दाच नाही. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम पंधरा तारखेनंतर भरली तर ती खर्च म्हणून इन्कम टॅक्समध्ये कायमची नामंजूर, पुढच्या वर्षी पण मिळत नाही. चेकमेट सर्व्हिसेसच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं १२ ऑक्टोबर २०२२ ला हे पक्कं केलं. त्याआधी रिटर्नच्या तारखेपर्यंत भरलं तरी चालतं असं हायकोर्टांचे निकाल दाखवून लोक सुटायचे. आता कामगारांचे ५० हजार एक दिवस उशिरा गेले की त्यावर फर्मचे साडेपंधरा हजार टॅक्सचे गेले म्हणून समजा.

उशीर कुठं होतो तेही सापडलं. हजेरी कार्ड ती सांभाळणाऱ्या मामांकडून दहा-अकरा तारखेला येतात, मग पगारपत्रक, मग ईसीआर (पीएफची महिन्याची फाइल). मामांशी बोलले, हजेरी तीन तारखेला टेबलवर हवी. "ओव्हरटाइमचं भांडण मिटल्याशिवाय कसं देऊ?" हा त्यांचा प्रश्न खरा आहे. ओव्हरटाइम पुढच्या महिन्यात घ्या म्हटलं.

१८ जुलै, शुक्रवार

थ्रीबी. २० ला रविवार आहे पण जीएसटीच्या बाबतीत रविवारच्या भरवशावर राहायचं नाही, पोर्टलवर वीस म्हणजे वीस. आज भरलं.

जीएसटीत कागदाचा कॉलम जास्त महत्त्वाचा निघाला. आपलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) टूबीमध्ये (समोरच्यांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) दिसेल तेवढंच, आणि टूबी १४ तारखेला तयार होतं. समोरच्यानं ११ पर्यंत आर-वन भरलं नाही की त्याचं बिल पुढच्या महिन्यात गेलं. इन्सर्ट, ड्रिल, कूलंट देणारे जे छोटे सप्लायर आहेत ते बरेचसे क्वार्टरलीवाले, त्यांनी महिन्याची बिलं आयएफएफमध्ये (तिमाहीवाल्यांना दरमहा बिलं दाखवायची पोर्टलवरची सोय) १३ तारखेपर्यंत टाकली तर आपल्याला लगेच क्रेडिट, नाही टाकली तर तिमाही संपेपर्यंत थांबा. बऱ्याच जणांना आयएफएफ म्हणजे काय तेच माहीत नाही, त्यांच्याकडचा टॅक्सवाला ऑप्शनल आहे म्हणून सोडून देतो. दहा तारखेला सगळ्यांना एक व्हॉट्सॲप मेसेज जाईल असं लावलंय, "दादा, आमची बिलं आयएफएफला टाकायला सांगा". गोडीत सांगितलेलं लोक करतात.

दर महिन्याला आपली तारीख १७ ठेवायची. चौदाला टूबी, पंधरा-सोळा जुळवाजुळव, सतराला भरणा. मग ओटीपी आला नाही तरी हातात तीन दिवस राहतात.

२ ऑगस्ट, शनिवार

पैशाच्या कॉलमवर आज तात्यांबरोबर चांगलीच जुंपली. माझा प्लॅन होता की टॅक्ससाठी वेगळं करंट खातं उघडायचं आणि दर शनिवारी त्या आठवड्यात फाडलेल्या बिलांच्या जीएसटीतून अंदाजे क्रेडिट वजा करून उरलेली रक्कम तिकडं टाकायची. बिलांवरून, आलेल्या पेमेंटवरून नाही, कारण सगळं दुखणं तिथंच आहे. बिल जुलैचं, जीएसटी २० ऑगस्टला, आणि पार्टी पैसे देणार ऑक्टोबरमध्ये.

तात्या म्हणाले, "करंट खात्यात पैसा नुसता पडून राहणार आणि इकडं सीसीवर व्याज चालू, हे कुठलं शहाणपण?" मुद्दा बिनतोड आहे. सीसीमध्ये (बँकेचं कॅश क्रेडिट, कर्जाचं खातं) पैसा राहिला तर तेवढं व्याज रोज वाचतं. म्हणून वेगळं खातं बाद. त्याऐवजी शीटमध्ये सीसी लिमिटच्या खाली एक ओळ: "यातले टॅक्सचे". समजा लिमिटमध्ये १४ लाख शिल्लक दिसतात, त्यातले ५ टॅक्सचे, म्हणजे मटेरियलला उचलायला ९ च. पेमेंट सोडायच्या आधी तात्या ९ चा आकडा बघणार, १४ चा नाही. पैसा जागेवरच, फक्त त्याच्यावर नाव लिहिलं, पोळ्याला शिंगं रंगवलेल्या बैलासारखं. अजून एक, बँक स्टॉक स्टेटमेंटवरून ड्रॉइंग पॉवर (किती उचलता येईल तो आकडा) काढते, ते स्टेटमेंट उशिरा गेलं तर लिमिट असून उचलता येत नाही, म्हणून त्याची तारीख पण टेबलमध्ये आली. ती टॅक्सची नाही पण टॅक्स तिच्यावर अडतो.

जीएसटीला एक सवलत आहे ती पण लिहून ठेवते. ड्यू डेटच्या आत पैसे जीएसटी पोर्टलवरच्या कॅश लेजरमध्ये जमा असतील आणि रिटर्न काही कारणानं मागं राहिलं तर त्या रकमेवर १८ टक्के व्याज लागत नाही, गेल्या वर्षी जुलैमध्ये नियम ८८बी बदलला तेव्हापासून. लेट फी दिवसाला ५० रुपये लागतेच. तरी बिलांची भांडणं चालू असतील तेव्हा निदान चलन तरी भरून टाकायचं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

जुलैच्या थ्रीबीपासून आर-वनमधून आलेला विक्रीचा आकडा लॉक झालाय, हातानं बदलता येत नाही. १७ ला रविवार आला म्हणून काल भरायला बसले, तर एका बिलात चुकीचा जीएसटी नंबर टाकलेला दिसला, ई-इन्व्हॉइस करतानाच समोरच्याच्या दुसऱ्या युनिटचा नंबर गेलेला. आधी असं काही असलं की थ्रीबीत आकडा सरळ करायचे आणि पुढच्या आर-वनला दुरुस्ती. आता आर-वन-ए (आर-वनच्या दुरुस्तीचा फॉर्म) मध्ये जायचं, ते थ्रीबीच्या आधीच आणि महिन्यात एकदाच. पण समोरच्याचा जीएसटी नंबर तिथंही बदलता येत नाही, म्हणून क्रेडिट नोट आणि नवीन बिल असंच करावं लागलं. आज थ्रीबी गेलं.

तर आर-वनची आपली तारीख पण अकरा नको, नऊ. नऊला भरून दहाला एक प्रिंट काढून डिस्पॅचच्या रजिस्टरशी ताडून बघायची.

कामगारांचा पगार या महिन्यापासून बँकेतून सुरू केलाय. ऑडिटसाठी. रोखीचा व्यवहार येणं आणि देणं दोन्ही बाजूंना ५ टक्क्यांच्या आत असेल तर टॅक्स ऑडिटची मर्यादा १ कोटीऐवजी १० कोटी होते. आपली उलाढाल त्याच्या कितीतरी खाली. फक्त आठवड्याचा रोख पगार आणि हमाली यांच्यामुळे ऑडिट बसतंय. यंदा एप्रिल ते जुलै रोखच गेलं, त्यामुळे फायदा दिसला तर २०२६-२७ मध्ये. दोघं-तिघं कामगार कुरकुरतात, घरात कार्ड बायकोकडं असतं म्हणून.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ॲडव्हान्स टॅक्सचा दुसरा हप्ता आज भरला. १५ तारखेला सोमवार आहे पण यंदा बिगर-ऑडिटवाल्यांच्या इन्कम टॅक्स रिटर्नची वाढवलेली शेवटची तारीख पण १५ सप्टेंबरच. अख्खा देश एकाच दिवशी एकाच साइटवर. आपल्याला तिथं रांगेत उभं राहायचं काही कारण नाही. फर्मला ऑडिट असल्यानं पार्टनरच्या रिटर्नला पण ऑडिटचीच तारीख लागते, ते अजून लांब आहे.

(१६ ची टीप: काल रात्री रिटर्नची तारीख एक दिवसानं वाढवली. ॲडव्हान्स टॅक्सची नाही वाढली. ज्यांनी दोन्ही एकत्र उद्यावर टाकलं असेल त्यांना २३४सी चा एक झटका बसेल.)

१९ सप्टेंबर, शुक्रवार

३ सप्टेंबरच्या जीएसटी काउन्सिलच्या मीटिंगनंतर पेपरात सगळीकडं स्वस्ताई, साबण, टीव्ही, गाड्या. आमच्याकडं उलटं. आपल्या जॉबवर्कचा रेट सोमवारपासून, म्हणजे २२ तारखेपासून, १२ वरून १८ टक्के. घटस्थापनेच्या दिवशीच.

पार्टीला फरक नाही, त्याला क्रेडिट मिळतं. फरक आपल्या सीसीला. १० लाखांच्या जॉबवर्कच्या बिलावर आधी १ लाख २० हजार, आता १ लाख ८०. आणि जॉबवर्कमध्ये आपलं क्रेडिट असतं तरी किती, मटेरियल पार्टीचं, मोठा खर्च मजुरी आणि वीज, आणि विजेवर जीएसटीच नाही मग क्रेडिट कुठलं. म्हणजे वाढलेले ६० हजार जवळजवळ सगळे खिशातून, पार्टीकडून येईपर्यंत दोन-दोन महिने. "यातले टॅक्सचे" ही ओळ दीडपट करावी लागली. तात्यांनी आकडा बघितला आणि नेहमीसारखा वाद न घालता चहा सांगितला.

आता कागदाचं काम. जीएसटी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, काम २२ च्या आधी पूर्ण झालं पण बिल आणि पेमेंट दोन्ही नंतर झालं तर नवीन रेट लागतो. बिल आधीच फाडलेलं असेल तर जुना. आपल्याकडं डिस्पॅच झालेल्या मालाची बिलं आठवड्यानं फाडायची सवय आहे. ती या वेळी चालणार नाही. डिलिव्हरी चलनांचा गठ्ठा घेऊन बसले, जे झालंय आणि गेलंय त्या सगळ्याची बिलं आज-उद्यात. रविवारी सर्वपित्री अमावस्या, त्या दिवशी कुणी येणार नाही. मशिनवर अर्धवट असलेलं काम मात्र नवीन रेटनंच, मामांनी विचारलं होतं की आजच बिल फाडून टाकू का, नाही म्हटलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

ऑडिट रिपोर्टची तारीख ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबर झाली. ऑफिसमध्ये सगळे निवांत. मॅडमच्या ऑफिसला ई-मेल टाकला की आमच्याकडून कागद ३० लाच पोचतील. त्यांच्याकडं आता सगळेच ऑक्टोबरच्या शेवटी येणार, त्या गर्दीत आपली फाइल वर राहील ती लवकर गेली तरच.

अण्णांची डीएससी (डिजिटल सही) ऑक्टोबरच्या मध्यात संपतेय, ऐन रिपोर्ट ॲक्सेप्ट करायच्या वेळी. रिन्यूला टाकली. व्हिडिओ व्हेरिफिकेशन मळ्यातून करता येत नाही, त्यांना ऑफिसला बसवून करून घेतलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

ही नोंद जरा लांब होईल पण महत्त्वाची आहे. मॅडमनी २०२४-२५ चं कच्चं कॉम्प्युटेशन पाठवलं. मागच्या वर्षी ॲडव्हान्स टॅक्स कमी भरलाय, दोन लाखाच्या आसपास खाली, आणि एकूण टॅक्सच्या ९० टक्क्यांच्या आत राहिल्यामुळे २३४बी (ॲडव्हान्स टॅक्स कमी भरल्याचं व्याज) लागू. अण्णांचा हिशोब साधा, रिटर्नची तारीख यायचीय ना, तेव्हा भरू, आणि हवा अशी आहे की अजून वाढेल.

वाढेलही. पण २३४बी चं व्याज रिटर्नच्या तारखेवर चालत नाही, ते १ एप्रिलपासून सुरू होतं आणि पैसे भरेपर्यंत महिन्याला एक टक्का चालतं. सरकारनं मुदत वाढवली म्हणून ते थांबत नाही. दोन लाखांवर आज भरले तर सात महिन्यांचे १४ हजार, डिसेंबरात भरले तर १८. मुदतवाढ ही कागदाला असते, पैशाला नसते, हे मी तात्यांना सांगितलं आणि तात्यांनी अण्णांना त्यांच्या भाषेत सांगितलं. आज सेल्फ असेसमेंटचं चलन भरलं, मायनर हेड ३००, असेसमेंट इयर २०२५-२६. आकडा फायनल नाही, थोडा मागंपुढं झाला तर बघू.

यानंतर टेबलमधले "कायद्याची तारीख" चे दोन भाग केले, भरण्याची आणि फाइल करायची. एकाच ओळीत लिहिलं की माणूस नंतरची तारीख वाचतो.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी. उद्या नरकचतुर्दशी, आणि उद्याच थ्रीबी होतं. काल नोटिफिकेशन आलं, २५ पर्यंत मुदत. आपलं शुक्रवारीच १७ ला गेलंय, यंदाच्या सप्टेंबरमध्ये १२ आणि १८ दोन्ही रेटची बिलं असल्यानं जुळवायला वेळ लागला पण गेलं. दोन दिवस आधी मुदत वाढवायची आणि त्याला दिवाळी भेट म्हणायचं, ज्यांनी फराळ सोडून काम उरकलं त्यांना काय. असो. आयटीसी-०४ पण २५ लाच आहे, प्लेटिंगला पाठवलेल्या आपल्या मालाचं, सहामाही. ते भाऊबीजेनंतर.

३० ऑक्टोबर, गुरुवार

काल पुन्हा वाढली, ऑडिट रिपोर्ट १० नोव्हेंबर, रिटर्न १० डिसेंबर. आपला रिपोर्ट मॅडमनी मंगळवारी अपलोड केला, अण्णांनी ॲक्सेप्ट केला, नवीन डीएससी चालली.

ऑडिटमध्ये एक गोष्ट निघाली ती पुढच्या टेबलमध्ये घ्यायची. इन्कम टॅक्सचं कलम ४३बी(एच). सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५, त्याच्या पुढं थकलं आणि ३१ मार्चला बाकी राहिलं तर त्या वर्षी खर्च मिळत नाही. आपले हीट ट्रीटमेंटवाले, प्लेटिंगवाले सगळे उद्यम नोंदणीवाले (सूक्ष्म-लघु) आहेत आणि करार कुणाशीच नाही. नुसत्या व्यापाऱ्याला हे लागू नाही, त्यामुळे सप्लायरच्या यादीत उत्पादक किंवा सेवा देणारा की ट्रेडर असा कॉलम टाकला. गंमत अशी की आपल्याला पण हेच कलम मिळतं, पण चाकणची पार्टी त्याची आठवण फक्त मार्चमध्ये काढते, बाकी अकरा महिने पैसे नव्वद दिवसांनी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

२०२४-२५ च्या राहिलेल्या इनपुट क्रेडिटचा हा शेवटचा चान्स. कायद्याची तारीख ३० नोव्हेंबर पण घ्यायचं ते ऑक्टोबरच्या थ्रीबीतच, म्हणजे आजच. मागच्या वर्षीची टूबी आणि खरेदी खातं जुळवल्यावर पाच-सहा बिलं निघाली, एक कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीचं बऱ्यापैकी मोठं. ज्या दोघांनी त्यांच्या आर-वनला बिल दाखवलंच नव्हतं त्यांच्या ऑगस्टपासून मागं लागले होते, एकानं टाकलं, एकानं फोन उचलणं बंद केलं. त्याच्या बिलाचा १८ टक्के जीएसटी त्याच्या शेवटच्या पेमेंटमधून धरून ठेवलाय.

१५ डिसेंबर, सोमवार

ॲडव्हान्स टॅक्सचा तिसरा हप्ता शुक्रवारीच गेला. सहा महिन्यांचा खरा नफा हातात असल्यानं अंदाज २० वरून २३ लाख केला, ७५ टक्के त्या हिशोबानं. फर्म आणि दोन्ही पार्टनर यांची रिटर्न १० च्या आत गेली.

जीएसटीचं वार्षिक रिटर्न नऊ आणि त्याचा ताळमेळ नऊ-सी ३१ डिसेंबरला, उलाढाल पाच कोटींवर असल्यानं दोन्ही लागतात. खातेवही जुळलेली आहे, मॅडमकडं २० पर्यंत देते.

पुढच्या ओळी भरून ठेवल्या: १५ जानेवारी लेबर वेल्फेअर, ३१ जानेवारी टीडीएस रिटर्न, १५ मार्चला परत रविवार म्हणून आपली तारीख १३, ३१ मार्च पीटीआरसी, ३० एप्रिलला पार्टनरच्या व्याजाचा आणि उरलेल्या पगाराचा टीडीएस. १ एप्रिलपासून नवा इन्कम टॅक्स कायदा, कलमांचे नंबर सगळे बदलणार, त्यासाठी एक कॉलम रिकामा सोडलाय. अण्णांनी ओटीपीचा मोबाईल आता ऑफिसच्या कपाटात ठेवलाय, सिम वेगळं घेऊन. चार्जर मामांनी नेलाय, तो परत मागायचा आहे.